डब्याचं बारसं

गुणाजी गेला त्याला महिना झाला होता आणि माझी बायको अजून रडली नव्हती. गुणाजी म्हणजे तिचा भाऊ, चिंचपोकळीला राहायचा. आईवडील, बहिणी सगळे आधीच गेलेले, माहेरचं म्हणून तेवढं एक माणूस उरलं होतं. बातमी आली तेव्हा ती कणीक मळत होती. तिने ती पुरती मळली, झाकून ठेवली, हात धुतले आणि पायात चपला घातल्या. तेराव्यापर्यंत भावजयीकडे राहून आल्यागेल्याचं चहापाणी केलं. परत आली ती अशी.

अशी म्हणजे कशी, ते मला डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही. घरातलं काम सगळं चालू होतं. भाजी, कपडे, माझ्या गोळ्या, संध्याकाळचा दिवा, कुठे म्हणून चूक नाही. पण “मालन” अशी हाक मारली की उत्तर नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागायचा. डॉक्टरने कान तपासून घ्यायला लावले. कान माझ्यापेक्षा चांगले निघाले. मग मी चिडलो. मी लवकर चिडतो, लालबागमध्ये हे कुणालाही विचारा.

“मुद्दाम करतेस काय?” मी विचारलं.

“नाही हो. मला बोलावताय हे कळतच नाही.”

आवाजात राग नव्हता. दुःखही नव्हतं, काहीच नव्हतं. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती. ती वाटली चार दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, आणि मग गेली नाही. शेहेचाळीस वर्षं संसार केलेली बाई दोन खोल्यांच्या घरात माझ्यासमोर वावरत होती आणि रोज थोडी थोडी निघून चालली होती. मी काय करत होतो? पेपर वाचत होतो.

रविवारी वैभव आला. वैभव आमचा मुलगा, तो आणि त्याची बायको मेघना ठाण्याला राहतात. मेघनाला सुट्टी नव्हती, म्हणून एकटाच आला होता. येताना एक काळा डबा घेऊन आला, पोह्यांचा असतो तेवढा. त्याच्याशी बोलायचं म्हणे. गाणी लावतो, बातम्या सांगतो, गोळ्यांची आठवण करतो, पंखा-दिवे त्याला जोडले तर तेही बघतो.

“आईला सोबत होईल,” वैभव म्हणाला.

“सोबतीला मी आहे की.”

“तुम्ही बोलता तिच्याशी?”

पोरगं कधी नव्हे ते मुद्द्याचं बोललं होतं.

त्याने तासभर खटपट करून पंखा जोडला, दिवा जोडला. मग म्हणाला, आता याला नाव ठेवायचं. ते नाव घेऊन हाक मारली की हा जागा होणार, एरवी झोपलेला. इतर कंपन्यांचे असतात त्यांना ठरलेलंच नाव असतं, यात आपल्याला हवं ते चालतं.

“बंडू ठेव,” मी म्हटलं.

“आई, तू सांग. हाक तूच मारणार आहेस.”

ती ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. मला वाटलं, हेही तिला ऐकू गेलं नसणार. पण मान वर न करता ती म्हणाली, “दुर्गा.”

“आजीचं नाव?” वैभव हसला. “आजीला पंखा लावायला सांगायचा?”

माझ्या आईचं नाव दुर्गा होतं, हे खरं. आणि लग्नाआधी माझ्या बायकोचं नावही दुर्गाच होतं. सासूसुनेचं एकच नाव कसं चालणार? मी बायकोवर ओरडणार तो आईच्या नावाने? तेव्हा आत्याने ‘मालन’ सुचवलं, ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं म्हणून माझं कौतुक झालं. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आई जाऊन सत्तावीस वर्षं झाली. त्यानंतर काहीच अडत नव्हतं, पण कुणाला सुचलं नाही. वैभवच्या लग्नात मेघना म्हणाली, माझं नाव आहे तेच राहू दे, आणि वैभवने तांदळात ‘मेघना’ लिहिलं. तेव्हा मालन त्या ताटाकडे बराच वेळ बघत उभी होती. मला वाटलं, तांदूळ कशात भरावेत याचा विचार करतेय.

गुणाजी आमच्याकडे आला की आईसमोर तिला “बाय” म्हणायचा. आई गेल्यावरही आमच्या घरात त्याला तीच सवय राहिली. पण त्याच्या घरी आम्ही जिना चढायला लागलो की वरून त्याची हाक यायची, “दुर्गा, जेवलंस काय गो?” तिला त्या नावाने हाक मारणारा जगात तो एकटा उरला होता. हे मला त्या रविवारी, डब्यासमोर बसल्यावर कळलं. वैभवलाही सगळं ठाऊक नव्हतं, आम्हीच कधी सांगितलं नव्हतं.

“घरात राहणाऱ्याने हे नाव दहा वेळा म्हणायचं,” वैभव म्हणाला, “म्हणजे त्याला आवाज ओळखीचा होतो. आधी बाबा.”

मी म्हटलं, “दुर्गा.” डब्यावर निळा दिवा फिरला. पुन्हा म्हटलं. डबा म्हणाला, जरा मोठ्याने. मी घसा साफ करून जोरात म्हटलं, “दुर्गा.”

“ओ,” ओट्याकडून आवाज आला.

ती हात पुसत दारात आली होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिने माझ्या हाकेला ओ दिली होती. चेहरा जागा झालेला. मी डब्यासमोर वाकून बसलेला होतो. तिने मला पाहिलं, डब्याला पाहिलं आणि परत ओट्याकडे गेली. उरलेल्या सात वेळा मी भिंतीकडे बघत म्हटलं. मला त्या वेळी लाज वाटली असं म्हणायला आवडेल, पण वाटलं काहीच नाही.

मग तिने दहा वेळा म्हटलं. एका सुरात, देवाचं नाव घ्यावं तसं. वैभवनेही स्वतःचा आवाज भरला आणि लगेच हुकूम सोडला, “दुर्गा, पंखा बंद कर.”

पंखा बंद झाला. पण त्याआधी मालन खुर्चीतून उठली होती आणि तिचा हात बटणापर्यंत पोचला होता. तशीच उभी राहिली ती. वैभव म्हणाला, “अगं आई, तू कशाला उठलीस? हे त्याचं काम.”

तिने बटणावरचा हात खाली घेतला.

“हिचं नाव बदल,” ती म्हणाली.

“का? काय ठेवू मग?”

“मालन ठेव.”

“तुझंच नाव?”

“हाक मारली की उठायचं, सांगितलं ते करायचं. तिला ते चांगलं जमेल.” ती चिडून बोलत नव्हती. मिरच्या संपल्यात, आणायला हव्यात, असं सांगावं तसं सांगत होती.

वैभवने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ठेव.”

पुन्हा दहा वेळा. मी “मालन” म्हणालो, मोठ्याने, स्पष्ट, दहाच्या दहा वेळा. ती हाताच्या अंतरावर बसून कोथिंबीर निवडत होती. तिने एकदाही मान वळवली नाही. डबा म्हणाला, आवाज ओळखला.

जेवून दुपारी वैभव गेला. ती आतल्या खोलीत आडवी झाली. चारच्या सुमारास मला चहा हवासा वाटला. नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या नावाने हाक मारली असती तर डबा जागा झाला असता. दुसरं नाव घ्यायचा मला काय हक्क होता? ते पुसलं कुणी होतं?

मग मी उठून चहा ठेवला. साखर कुठे असते ते शोधावं लागलं. दोन कप भरले आणि आतल्या दारात जाऊन उभा राहिलो. पाठमोरी होती ती.

“दुर्गा,” मी म्हटलं.

ती लगेच उठली नाही. एवढा वेळ गेला की मला वाटलं, हेही नाव आता गेलं.

“ओ,” ती म्हणाली.

“काही नाही. चहा केलाय.”

ती उठून बसली. माझ्या हातातले कप पाहिले आणि रडायला लागली. गुणाजीचं नाव घेऊन, तोंडावर पदरही न धरता, मोठमोठ्याने रडली. मी कप घेऊन तिथेच उभा राहिलो, चहा निवेपर्यंत.