सहा अल्बम आणि हुकुमचंदांचे कान

मित्रांनो, कुडवा गावातल्या एका घरात, कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या स्वेटरखाली मी पडून असते. मी चाळीस जीबीची म्हातारी हार्ड डिस्क. तुमच्या खिशातल्या फोनपुढे आज माझी काहीच ऐपत नाही. पण २००४ साली हेमेंद्रने संगणक घरी आणला, तेव्हा त्याच्या आईने, रामकलीबाईंनी, त्या डब्याला कुंकू लावले होते. आत मी होते, म्हणून तो मान मी माझाच समजते.

हेमेंद्र जवळच्याच गोरेगावला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचा. त्याला वेड होते एका परदेशी अल्टरनेटिव्ह रॉक बँडचे. १९९९ पासून दहा वर्षांत त्या बँडचे सहा स्टुडिओ अल्बम निघाले. हेमेंद्रने त्यांच्या सीड्या, जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या मिळवल्या आणि लॉसलेस करून माझ्यात भरल्या. लॉसलेस म्हणजे गाण्यातला एक कणही न गाळता साठवलेला आवाज. माझी पंधरा जीबी जागा त्यातच गेली, उरलेली क्लासच्या कामाने भरली.

त्याचे वडील हुकुमचंद तीस वर्षांपासून राईस मिलमध्ये मिस्त्री होते. त्यांनी एकदा विचारले, "दुसरे लोक काऊन लहान फाइल ठेवतात मग?"

"एमपीथ्रीत बारीक आवाज काढून टाकतात, बाबूजी."

"म्हणजे ते पॉलिशचे तांदूळ, आन तुह्ये कोंड्यासकट," असे म्हणून ते चहा प्यायला गेले.

२००९ मध्ये उर्वशीचे, म्हणजे हेमेंद्रच्या बहिणीचे, लग्न झाले आणि माझ्यावर संकट आले. व्हिडिओवाला छोटेलाल घरी येऊन म्हणाला, "पंधरा जीबी खाली करा भाऊ, लग्नाच्या टेप त्यात उतरवू. सोमवारी दुसरी शादी है, ह्याच टेपवर शूटिंग करीन."

माहेरी आलेली उर्वशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, ते कोकलणं पूस. माह्यं लगन भर."

"त्यातला फरक तुला नाही कळायचा!"

"तुले तरी कळते का?"

झाले! उर्वशीने दादाच्या डोळ्यांना ओढणी बांधली. एकच गाणे पाच वेळा लावायचे, कधी लॉसलेस, कधी एमपीथ्री; सगळे ओळखले तर अल्बम राहतील, नाहीतर पुसायचे. मित्रांनो, मी जीव मुठीत धरून फिरत होते. हेमेंद्र दर वेळी मान डोलवायचा, जाणकारासारखा "अहाहा" म्हणायचा. पाचातली दोन बरोबर आली.

उर्वशी पुसायला हात पुढे करणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "पह्यला पॉलिशचा, दुसरा कोंड्याचा, तिसरा कोंड्याचा, चौथा तिसराच परत लावला तू, पाचवा पॉलिशचा."

उर्वशीने गाण्यांचा क्रम लिहिलेला कागद पाहिला. पाचही बरोबर!

"बाबूजी, कसं कळलं?" ओढणी सोडत हेमेंद्रने विचारले.

"झांज फुटली का वाजली, आयकू नाही येत का तुले? गाणे पुसाचे नाही."

"आन पोरीचं लगन पुसाचं?" आतून रामकलीबाई कडाडल्या.

हुकुमचंद सायकलवर छोटेलालकडे गेले. त्याच्या व्हिडिओत नेहमी घूं घूं ऐकू यायचे आणि गिऱ्हाइके भांडायची. हुकुमचंदांनी कॅमेऱ्याला कान लावला, आतले घासणारे चाक शोधले, साफ केले. खूश झालेल्या छोटेलालने लग्नाच्या टेपच देऊन टाकल्या. लग्नही राहिले, अल्बमही राहिले.

पण कौतुक किती दिवस टिकते? हेमेंद्रने नवा मोबाइल घेतला आणि तो एमपीथ्रीच ऐकू लागला. माझ्याकडे फक्त हुकुमचंद यायचे. मिलमधून आले की हेडफोन लावून डोळे मिटून बसायचे. शेजारी हसायचे, "इंग्रजी समजते का, काका?"

"शब्द कोण आयकून राहिला?" ते म्हणायचे.

२०१३ मध्ये लॅपटॉप आला. हेमेंद्र म्हणाला, "अल्बम एमपीथ्री करून टाकतो, जागा वाचेल."

"नको. ढोलकवाला समजणार नाही मग."

"कोणता ढोलकवाला?"

"चौथ्या अल्बमपासून दुसराच हाये. पह्यल्याचा हात जड होता, हा उतावळा."

हेमेंद्रने हसत सीडीचे वेष्टन काढले, बारीक अक्षरे वाचली आणि त्याचे हसू थांबले. ड्रमर खरेच बदलला होता! दहा वर्षे भक्ती करून त्याला पत्ता नव्हता. त्याने सगळे अल्बम जसेच्या तसे लॅपटॉपवर उतरवले आणि बापाच्या शेजारी खुर्ची ओढून विचारले, "कुठून बदलतो? दाखवा."

तेव्हापासून मी रिकामटेकडी आहे, पण दुःखी नाही. मित्रांनो, आमच्यासारख्यांना धुळीत ठेवू नका, चालू असताना तार ओढू नका. आणि 'ह्याला काय कळतंय' असे कुणाबद्दल म्हणण्याआधी एकदा हेडफोन त्याच्या कानाला लावून बघा.