खिडकीचं वाक्य

गावात तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. शाळेत वक्तृत्वाचा करंडक आणल्यापासून तर विचारूच नका! त्यामुळे तांब्याच्या खाणीची जनसुनावणी ठरली, आणि 'प्रत्येकानं आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडावं' अशी सूचना लागली, तेव्हा बाबा कागद-पेन घेऊन थेट तिच्यासमोर येऊन बसले.

लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच होते. खाण सुरू झाली तर डंपर चालवायचं काम मिळणार होतं. खाण कंपनीतर्फे गावकऱ्यांशी बोलणाऱ्या संपर्कबाई घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "दादा, मनापासून बोला. आम्हाला लोकांचा आवाज हवाय."

"मनापासून म्हणजे नेमकं काय बोलू गं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही मुद्दे सांगा. मनापासूनचं मी बघते."

आणि तिनं असं काही झकास लिहिलं, की लिहिता लिहिता तिला स्वतःलाच खाण हवीहवीशी वाटायला लागली. शेवट तर काय सुचला होता! 'आमच्या पोरीनं रोज सकाळी खिडकी उघडावी ती याच गावात, एवढंच माझं मागणं आहे.'

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिला शाळेच्या फाटकातच गाठलं. ओढ्याकाठी आत्याची लाँड्री होती. दवाखान्याच्या ढीगभर पांढऱ्या चादरी तिथं धुतल्या जायच्या. "खाणीनं ओढा गढूळ झाला की माझं दुकान बंद. तुझ्या बापाला डंपरापुढे काही दिसत नाहीये. मलाही लिहून दे. आणि त्याला सांगू नकोस!"

रेडिओनं तेही लिहिलं. लिहिता लिहिता खाण नकोशी झाली. आता हे काय? कालची ती खोटी, की आजची? वादविवादात दोन्ही बाजूंनी बोलायची तिला सवय होती, पण तिथं घंटा वाजली की विषय संपायचा. इथं घंटाच नव्हती. डोक्याचा नुसता भुगा झाला, आणि घाईघाईत तिनं शेवटाला तेच आवडतं वाक्य टाकून दिलं.

सुनावणी शाळेच्याच हॉलमध्ये झाली. बाबा आत्याच्याच लाँड्रीत इस्त्री केलेला शर्ट घालून उभे राहिले. खिडकीचं वाक्य त्यांनी कागदाकडे न बघताच म्हटलं. संपर्कबाईंनी डोळे टिपले. मग आत्या उठली. पाणी, चादरी, दवाखाना... आणि शेवटी तीच खिडकी.

मग मागून सलूनवाला ओरडला, "वा! भाऊ-बहीण एकाच कॅसेटवर!" हशा उसळला.

सुनावणी घेणारे साहेब मात्र हसले नाहीत. "दुसऱ्यानं पढवलेलं असेल तर दोन्ही निवेदनं बाद करावी लागतील. कुणी लिहिलं हे?"

बाबा खाली बघत होते. आत्या कागदाची घडी घालत होती. रेडिओ उठली.

"मी, सर. पण मुद्दे त्यांचेच आहेत! फक्त शेवटचं वाक्य माझं."

"म्हणजे तुला इथंच राहायचंय?" साहेबांनी विचारलं.

दप्तरात दूरच्या शहरातल्या कॉलेजचा अर्ज होता, अर्धा भरलेला. बाबा बघत होते, आत्या बघत होती. दोघांचे डोळे हुबेहूब सारखे.

"मला... माहीत नाही, सर. टाळ्या मिळतील असं वाटलं, म्हणून टाकलं."

साहेबांनी दोन्ही कागदांवरची ती ओळ खोडली. "बाकीचं तुमचंच?" त्यांनी बाबांना आणि आत्याला विचारलं. दोघांनी माना डोलावल्या. निवेदनं बाद होता होता वाचली!

बाहेर येताच रेडिओनं मोठा सुस्कारा सोडला. "सुटलो बाई! आत्या, तुझे मुद्दे शाबूत राहिले. बाबा, तुमचेही."

"माझे कसले मुद्दे?" बाबा म्हणाले. "ते सगळं संपर्कबाईंनी सांगितलेलं. माझं असं ते एकच वाक्य होतं."

"माझ्याही मनातलं तेच होतं," आत्या म्हणाली, आणि दोघं कितीतरी दिवसांनी एकमेकांकडे बघून हसले.

रेडिओला काही म्हणता काही कळेना. "अहो, पण ते मी लिहिलं होतं! तुमच्या मनात होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं?" बाबा म्हणाले. "तू लिहीत होतीस."