अर्धा आटा सैल

मी शेतावरची जुनी पिकअप बोलतेय, आणि जरा घाईतच बोलतेय. एका जागी उभं राहणं मला जन्मात जमलं नाही. कारखान्यातून निघाले ती दुकानाच्या काचेआड अडकले, तेव्हापासून मला उभं राहण्याचा तिटकारा आहे. माल भरा, दोऱ्या आवळा आणि चला, एवढंच मला कळतं.

मालक भेटला तोही माझ्यासारखाच, बूड टेकून न बसणारा. बोलायचा मात्र अगदी मोजकं. खताची पोती, फळांचे क्रेट, एकदा तर तापाने फणफणलेलं वासरू, सगळं माझ्या हौद्यातून गेलं.

एकदा वरच्या बागेच्या खडबडीत वाटेवर माझ्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुठेतरी पडलं. मालकाने औषधाच्या जुन्या पिंपाचं झाकण आणून बसवलं. बसलं फक्कड, पण मूळच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक होतं, याला नव्हतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते. ती नाही आली, की टाकी पेट्रोल सोडत नाही आणि मी चालता चालता बंद पडते. मालकाने हे पहिल्याच खेपेत ओळखलं. मग तो झाकण कायम अर्धा आटा सैल ठेवायचा.

मालकिणीला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं, आणि टाकीचं तोंड नेमकं तिच्या दारामागे. बसण्याआधी ती झाकण करकचून आवळायची. मालक मागची फळी बघायच्या निमित्ताने वळसा घालून यायचा आणि सैल करायचा.

"उघडलंत ना परत?"

"असू दे."

"डोकं उठतं माझं वासाने!"

"काच खाली घे."

त्याने कारण कधी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. त्या भांडणाशिवाय त्यांची खेप सुरूच व्हायची नाही. मला ते फार आवडायचं.

मग मालक गेला. मला शेडमागे लावलं ती लावलीच. सीटमध्ये उंदरांनी घर केलं, टायरमधली हवा गेली. मनाने मात्र मी रोज वरच्या बागेत जाऊन येत होते.

एक दिवस मालकाची मुलगी शहरातली नोकरी सोडून आली. "शेत मी करणार," म्हणाली.

धाकटा भाऊ हसला. "कशाच्या जोरावर? या डबड्याच्या? ताई, शेत दुसऱ्याला कसायला देऊ आणि हिला भंगारात. शुक्रवारी भंगारवाला येतोय."

"त्याच्याआधी ही भरून वरच्या बागेत जाऊन आली तर?"

"तर मी तोंड उघडणार नाही. पण नाही गेली, तर तूही उघडायचं नाहीस."

तिने मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या. उंदरांचं घर काढलं, टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून बारीक तारेने साफ केला. ब्रेक मिस्त्रीकडून करून घेतले. कोपरापर्यंत काळी व्हायची पोर. मी पहिल्यांदा खोकत, धूर ओकत सुरू झाले तेव्हा ती ओरडलीच. मीही ओरडले असते.

पण विहिरीचं वळण आलं, की मी बंद! रोज तेच. मुलगी काम करत असताना आई चहा घेऊन यायची. कप बॉनेटवर ठेवायची आणि जाता जाता तिचा हात आपसूक झाकणाकडे जायचा. करकच! मिस्त्री आला, की आधी झाकण उघडून पेट्रोल बघायचा. तेवढ्यात हवा आत जायची आणि मी पहिल्याच झटक्याला सुरू. "काही झालेलं नाही हिला," म्हणून तो निघून जायचा. अहो, झाकण! झाकण बघा! मी आतल्या आत नुसती तडफडत होते.

शुक्रवार उजाडला. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. मुलीने हौद्यात खताची पोती रचली. "मी पण येते," म्हणत आई आपल्या जुन्या जागेवर बसली. बसण्याआधी झाकण आवळायला अर्थातच विसरली नाही.

विहिरीच्या वळणावर मी मेले. मागून मोटरसायकलवर भाऊ येत होता. मुलीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती रडायला लागली. "बाबांनाच कशी गं चालायची ही? ते असं काय करायचे?"

"काही नाही. मागून एक वळसा घालायचे, आणि..." आई बोलता बोलता थांबली. दार उघडून खाली उतरली. मागे येऊन तिने झाकणावर हात ठेवला.

"मी आवळायचे आणि ते सैल करायचे," ती म्हणाली. "मी अजून आवळतेच आहे गं. सैल करणारा माणूस राहिला नाही."

तिने झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली. मुलीने डोळे पुसत चावी फिरवली, आणि मी अशी निघाले की आईला घाईघाईने आत चढावं लागलं. वरच्या बागेपर्यंत मी कुठे म्हणून थांबले नाही. परत आलो तेव्हा भावाने भंगारवाल्याला चहा पाजून रिकाम्या हाताने वाटेला लावलं.

आता मला दम खायला फुरसत नाही. मुलगी झाकणाला भोक पाडणार होती, पण आई म्हणाली, "नको, राहू दे. ते माझं मी बघते." ती रोज मागून वळसा घालून येते आणि अर्धा आटा सैल करून मगच बसते.

पोती भरून झाली आहेत, तेव्हा मला आणखी अडवू नका. शेडमागे तुमचीही एखादी गाडी उभी असेल, तर तिच्याकडे एकदा जाऊन या. आत्ताच मुलीने नाक मुरडलंय.

"आई, केवढा वास येतोय! तुला नाही येत?"

"येतो की. असू दे," आई म्हणते. "काच खाली घे."