मी फक्त उंची सांगतो

मी बोलतोय तो शाळेमागच्या कुरणातला खांब. तीन मीटर उंच, अंगावर लाल-पांढरे पट्टे आणि दर दहा सेंटिमीटरला एक आकडा. हिवाळ्यात बर्फ कुठल्या आकड्यापर्यंत चढलं, एवढंच मी सांगायचं. एका जागी उभं राहून करायचं हे काम, आणि त्याचाही मला बरीच वर्षं गर्व होता.

मला पेडर सुतारानं घडवलं. लार्चचं लाकूड त्यानं दोन उन्हाळे वाळवलं, मग कुठे रंधा लावला. आता तो अठ्ठ्याऐंशीचा आहे आणि वरच्या वाडीत एकटा राहतो. रोज सकाळी दुर्बिणीतून मला बघतो आणि दिसेल तो आकडा वाडीभर सांगत सुटतो. आपल्या हातचं काम ना! माझ्यावर त्याचा फार जीव.

गाव आणि वाडी यांच्यामध्ये एक उभा उतार आहे. जायची वाट त्याच्या पायथ्याजवळून जाते. डोंगरावरून बर्फाचा लोट सुटतो त्याला इथले लोक लविना म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना जरा आवाज खाली घेतात.

वाट उघडी ठेवायची की बंद, हे मेंगिया ठरवते. ती गावात टपाल वाटते, पण त्याआधी सकाळी सातला माझ्याकडे येते. आकडा टिपते, मग एक पत्र्याची नळी बर्फात खुपसते आणि नळीत आलेलं बर्फ काट्याला अडकवून तोलते. मी समोर असताना हा उद्योग कशाला, म्हणून मला तिचा रागच यायचा. गेल्या वर्षी तिनं दोन दिवस वाट बंद केली आणि डोंगरावरून चिमूटभर बर्फसुद्धा पडलं नाही. तेव्हापासून बेकरीत तिला बघितलं की लोक विचारतात, "काय मेंगिया, पाव घेऊन घरी जावं ना, का थांबावं?" ती हसण्यावारी नेते. माझ्यापाशी एकटी असली की मात्र तिचा चेहरा पडलेला असतो.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस वादळ घोंगावलं. बर्फ माझ्या एकशे नव्वदपर्यंत आलं. मग अठ्ठावीसच्या संध्याकाळी वारा फिरला, दक्षिणेकडून ऊब घेऊन आला आणि पाठोपाठ पाऊस. ऐन हिवाळ्यात पाऊस! माझ्या तरुणपणी असं कधीतरी व्हायचं. आता त्याचं कुणाला नवलही वाटत नाही. सकाळी माझ्यावरचा आकडा होता एकशे पन्नास.

तो दिवस एक मार्चचा. त्या दिवशी गावातली मुलं गाईंच्या घंटा घेऊन दारोदार वाजवत फिरतात आणि हिवाळ्याला हाकलून लावतात. एकही घर सुटता कामा नये, वाडीतलंही नाही. पेडर तर आदल्या दिवसापासून चेस्टनट उकडून, साय फेटून त्यांची वाट बघत बसतो.

मेंगिया काटा बघत होती, तोच तिचा फोन वाजला.

"मेंगे, चाळीस सेंटिमीटर उतरलं बघ!" पेडर ओरडत होता. "बर्फ बसलं. धाड पोरांना."

"पेडरकाका, बसलं म्हणजे गेलं नाही. वजन कालच्यापेक्षा जास्त भरतंय. सगळा पाऊस पिऊन बसलंय ते. आणि रात्री जरासुद्धा गोठलेलं नाही."

"म्हणजे माझा खांब खोटं बोलतो होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोलत नव्हतो हो! पण काट्यावरचा आकडा मलाही दिसत होता, आणि माझ्या एकशे पन्नासच्या भरवशावर मुलं त्या उताराखालून जाणार होती.

एवढ्यात याखेन गुरुजी सतरा मुलांना घेऊन आलेच. "मेंगियाबाई, घंटांचे लोळे हातात धरून नेतो. आवाज होऊ देत नाही. आणि एकेकाला अंतर ठेवून सोडतो."

"गुरुजी, आवाजानं काही लविना सुटत नाही. भारानं सुटते. आज ती आपणहून येणार, मग अंतर ठेवून काय होणार? ते बघा."

उतारावरून बर्फाचे लहान लहान गोळे आपोआप गडगडत होते, मागे रेघा ओढत.

"गेल्या वर्षीपण तुम्ही असंच..."

"हो, गेल्या वर्षी चुकले असेन. यंदाही चुकले तर जन्मभर हसा मला. पण वाट बंद!" ती वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"मग हिवाळा काय वाडीतच राहणार?" एका चिमुरडीनं रडवेल्या आवाजात विचारलं.

फोन चालूच होता. पेडरनं सगळं ऐकलं होतं. "वाजवा मग तिथूनच," तो कुरकुरला. "माझे चेस्टनट गेले वाया."

मुलांनी माझ्याभोवती फेर धरला आणि घंटा अशा वाजवल्या की माझे कान किटले. मेंगियानं फोन उंच धरला होता. पलीकडून पेडरही आपली घंटा बडवत होता.

पावणेआठला धप्प असा आवाज आला. उतारावर आडवी भेग पडली आणि अख्खा उतार खाली आला. झुडपं, कुंपण, वाट, सगळं त्याच्या पोटात गेलं. वाडी उंचवट्यावर आहे, ती राहिली. आमच्या कुरणापर्यंतही काही आलं नाही. गुरुजींची नजर मुलांच्या घंटांकडे गेली.

"मुलांकडे बघू नका असं," मेंगिया म्हणाली. "त्यांनी काही पाडलं नाही."

मग फोनमधून पेडर बोलला, अगदी हळू. "मेंगे, पोरं मोज."

तिनं एकेका टोपीवर हात ठेवत मोजलं. सतराव्या टोपीवर तिचा हात तसाच राहिला.

"सगळी आहेत, काका."

पलीकडे म्हातारा हमसून हमसून रडत होता.

पुढे रात्री पुन्हा गोठायला लागल्या, वाट मोकळी झाली आणि पेडर काठी टेकत खाली आला. एका हातात मुलांसाठी चेस्टनटचा डबा, खिशात लाल रंग आणि कुंचला. आधी मेंगियासमोर टोपी काढून उभा राहिला, मग माझ्याकडे वळला. डोळ्यांना जवळचं नीट दिसत नाही, तरी कुणाला हात लावू दिला नाही. अक्षरं वेडीवाकडी आली आहेत, पण मला त्यांची लाज नाही. कधी इकडे आलात तर आकडा बघायच्या आधी तेवढी एक ओळ वाचा:

"उंची हा सांगेल. वजन मेंगियाला विचारा."