दोन फिल्टर, एक केबल

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे फिल्टरबाई म्हणत. फिल्टर पाण्याचा नव्हे, विजेचा. तिथली यंत्रं वीज सरळ घेत नाहीत, लचके तोडून घेतात. मग लाइनवरची लहर वेडीवाकडी होते, दिवे लुकलुकतात, ब्रेकर उडतात. बाईंचा फिल्टर केबलवरच्या सेन्सरने हा वेडेवाकडेपणा मोजायचा आणि नेमका त्याच्या उलटा करंट लाइनमध्ये सोडायचा. केव्हा, किती, किती चटकन सोडायचा हे ठरवणारं गणित बाईंचं. म्हणजे बाईंचं आणि त्यांच्या नवऱ्याचं. लग्न मोडलं तेव्हा भांडी, पुस्तकं, सोफा सगळ्याची वाटणी झाली. गणित मात्र दोघांनीही अख्खंच्या अख्खं नेलं.

यंत्रं वाढली तेव्हा मालकांनी दुसरा फिल्टर घेतला, तो नेमका नवऱ्याच्या कंपनीचा. बसवणारे आले, पहिल्याच्या शेजारी तो उभा केला, त्याचाही सेन्सर त्याच मुख्य केबलवर लावला आणि निघून गेले. झालं, दोघांची जुंपली. एकाने दुरुस्ती करावी, त्याच क्षणी दुसऱ्यानेही तीच करावी, की झालीच जास्त. मग दोघांनीही माघार घ्यायची, की पुन्हा कमी. स्क्रीनवरची लहर हेलकावे खाऊ लागली आणि मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, यावर उपाय काय?"

उपाय दोन होते. एक अगदी सोपा: दोन्ही सेन्सर मुख्य केबलवरून काढायचे आणि यंत्रांच्या दोन गटांच्या वेगवेगळ्या केबलींवर लावायचे. ज्याने त्याने आपापल्या गटापुरतं बघायचं. एका दुपारचं काम. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही फिल्टर तारेने जोडायचे आणि दोन्ही गणितांना काम वाटून द्यायचं. त्यासाठी दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसायला हवीत, आणि पुढे कित्येक महिने येत राहायला हवीत.

"जोडावे लागतील," बाई म्हणाल्या. "त्यांच्या इंजिनियरला बोलवा. आणि मुख्य माणसालाच बोलवा, उगाच कुणाला तरी पाठवतील."

संसार पुन्हा मांडायचं खूळ बाईंच्या डोक्यात नव्हतं. घरी बोलायला कुणी नव्हतं, एवढंच. मिक्सर अडकला की त्या त्याला चार शब्द सुनवत, तेवढाच संवाद. कुणीतरी आपलं काम बघून "इथे चुकतेयस" म्हणावं, याची त्यांना फार भूक लागली होती.

तो आला. केस पिकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला. दोघं पॅनेलपुढे बसले. बाईंची सेटिंग वाचता वाचता तो हसला.

"वेग अजून एवढाच? भित्रीच राहिलीस."

"आणि तू उतावळाच."

बाईंना इतकं बरं वाटलं की त्या उगाचच पान वर-खाली सरकवत राहिल्या. मग त्याने मान वर करून केबलींकडे पाहिलं.

"यंत्रांच्या केबली तर वेगळ्या आहेत इथे."

"आहेत."

"मग सेन्सर सरकवायचे सोडून जोडायचं काय काढलंस?"

"तू यावंस म्हणून."

त्याने चष्मा काढून पुसला. "अगं, फोन करायचास."

"उचलला असतास?"

तो बॅगेतून हातमोजे काढत म्हणाला, "सप्लाय बंद करायला सांग."

एक सेन्सर त्याने सरकवला, एक बाईंनी. सप्लाय आल्यावर लहर नितळ झाली. मॅनेजरचा चेहरा खुलला.

"वा! मग आता जोडायला नको ना, मॅडम? साहेबांना पुन्हा यायची तसदी नाही?"

तो खाली वाकून बॅग आवरत होता. 'तपासणीला यावं लागेल' एवढं म्हटलं असतं तरी मॅनेजरने डोळे झाकून विश्वास ठेवला असता. पण एकदा खोटं बोलून झालं होतं. दुसऱ्यांदा बाईंची जीभ रेटेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता यांची गरज नाही."

तो उठला, "येतो" म्हणाला. मॅनेजर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला. बाई तिथेच बसून राहिल्या. त्याला बोलवायला आता त्यांच्यापाशी एक बिघाडही उरला नव्हता, आणि होता तो त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता.