पेपरात नसलेलं

"मेल्यावर सगळेच देवमाणूस होतात तुमच्या पेपरात," फोनवर अर्वो साल्मेला म्हणाला. "त्या उर्होनं माझी होडी नेली होती. चौऱ्याहत्तर साली. अजून आणतोय."

"आता तो कुठून आणणार?" एल्मा म्हणाली.

"तेच तर! हे पण वाचायचं होतंस, पोरी."

चौसष्ट वर्षांच्या एल्मा रुओनाला पोरी म्हणणारा हा एकच माणूस उरला होता, आणि त्याला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या रेडिओ केंद्राच्या तळघरात, फडताळाएवढ्या खोलीत बसून ती रोज दहा ते अकरा गावचा पेपर वाचे. अंधांसाठी. हे वाचन साध्या रेडिओवर लागत नसे. त्याला विद्यापीठाचा वेगळा संच लागे. सगळे त्याला डबा म्हणत. अंध माणसाला तो घरपोच फुकट मिळे आणि माणूस गेला की परत आणावा लागे. डबे पोचवणं आणि परत आणणं हेही एल्माचंच काम. अलीकडे नुसतं आणणंच चाललं होतं.

हवामान, गावच्या बातम्या, कुठल्या चर्चमध्ये गुरुवारी मटारचं सूप आहे, आणि सरतेशेवटी कोण कोण वारलं ते. हे शेवटचं पान ती आधी कधीच उघडत नसे. माणूस गेल्याचं ऐकणाऱ्याला आणि आपल्याला एकदमच कळावं, हा तिचा एकतीस वर्षांचा रिवाज. अकराला प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला की फोन वाजे आणि पेपरात नसलेलं अर्वो पुरवे. कोण पत्त्यांत लबाडी करी, कुणी खाणीतून कुणाला पाठुंगळी वर आणलं आणि जन्मभर त्याचा शब्द काढला नाही.

नाताळ उलटल्यावर केंद्राच्या नव्या मुख्य बाई, कर्स्टन, खाली आल्या. "ऐकतं कोण, एल्मा? मला एक ऐकणारा दाखव. त्याच्या सहीचं एक पत्र आण. नाहीतर फेब्रुवारीअखेर हे बंद."

एल्मा मनात हसली. आज मागू, उद्या मागू. अर्वो कुठे पळून चाललाय!

मग फेब्रुवारीत त्या फोनचं काहीतरी बिनसलं. अकराला तो वाजे, ती उचले, पण पलीकडून शब्द नाही. नुसता श्वास, आणि त्यामागे घड्याळाची टिकटिक.

"घसा बसला का रे?" तिनं विचारलं.

श्वास.

"बरं, नको बोलूस. आज मी सांगते." आणि मेलेल्यांबद्दल पेपरात नसलेलं ती सांगू लागली. तिला तरी काय ठाऊक असणार? निम्मं रचूनच. तिचं संपलं की पलीकडचा फोन हलकेच खाली ठेवला जाई. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तिनं शेवटचं पान उघडलं आणि वाचलं, "अर्वो साल्मेला, वय एक्क्याण्णव, राहणार टॅमरॅक खोरं." आवाज पुढे गेला, ती मागेच राहिली. "बारा तारखेला राहत्या घरी निधन. मागे एक बहीण, लेम्पी. दफन मे महिन्यात, जमीन मऊ झाल्यावर."

आज एकवीस तारीख होती.

दिवा विझला. फोन वाजला.

तोच श्वास. तीच टिकटिक. "अर्वो?" ती म्हणाली. श्वास जरासा अडला, पुन्हा सुरू झाला. आज तिच्यापाशी सांगायला काहीच नव्हतं. पलीकडचं माणूस बराच वेळ वाट बघत राहिलं.

केंद्राचे तीन टॉवर तीन डोंगरांवर. टॅमरॅक खोऱ्यावरचा सगळ्यात लांबचा. केंद्राचा इंजिनिअर ड्वेन त्या दुपारी तिकडेच निघाला होता. एल्मा त्याच्या गाडीत बसली. "साल्मेलाकडे सोड. डबा आणायचाय."

वाटेत तिनं सगळं सांगितलं.

"म्हणजे आठ दिवस तू मेलेल्याला गप्पा सांगत होतीस?" ड्वेन म्हणाला. "आणि तो ऐकून फोन ठेवत होता?"

"हळूच ठेवत होता."

"सभ्य भूत दिसतंय. माझी बायको जिवंत असून आपटते."

एल्मा हसली नाही. "भूत असलं तरी चालेल मला. सही करता आली पाहिजे."

घराच्या दारापर्यंतचा बर्फ ताजा उपसलेला होता. दार नुसतं लोटलेलं. "कुणी आहे का घरात?" एल्मानं हाक मारली. उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून, आणि तिच्याच आवाजात आलं.

"अर्वो साल्मेला, वय एक्क्याण्णव..."

चार वाजत आले होते. सकाळचं वाचन तीनला पुन्हा लावतात, हे तिला ठाऊक होतं. तरी पाय उंबऱ्यातच अडले. आपला आवाज दुसऱ्याच्या घरात राहतोय, हे तिनं आजवर ऐकलं नव्हतं. आत तो घरच्या माणसासारखा बोलत होता, आपण परक्या.

टेबलाशी एक म्हातारी बसली होती, डब्याकडे तोंड करून. डोळे उघडे, पण पांढुरके.

"लेम्पी?"

म्हातारीनं ओठावर बोट ठेवलं. गप्प. वाचन चाललंय.

एल्मा स्वतःचं वाचन संपेपर्यंत गप्प उभी राहिली.

मग शेजारून त्यांची भाची सूप घेऊन आली, तेव्हा उलगडा झाला. भावाबहिणीचे डोळे एकाच आजारानं गेलेले. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि लेम्पीची वाचाही गेली. लिहिणंही गेलं.

"पण मावशीचं अकराचं सुटत नाही," भाची म्हणाली. "एकच बटण आहे फोनला, केंद्राचं. मामा बोलायचा, ही कान लावून बसायची. आणि खरं सांगू का? सगळ्या चहाड्या मूळच्या हिच्याच, वाचा जाण्याआधीच्या. मामा नुसता पोचवायचा."

एल्मानं डब्याला हात लावला नाही.

कर्स्टन बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईटही वाटलं. पण कागदोपत्री ऐकणारा अर्वो, आणि तो तर गेलेला. बहिणीकडून पत्र घ्यावं, तर ती सही करणार कशी? अठ्ठावीस तारखेला ते वाचन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना एल्मा पेपर घेऊन त्या स्वयंपाकघरात शिरली. डब्यातून नुसती खरखर येत होती. लेम्पी डब्याकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर.

"मी आलेय, लेम्पी. एल्मा. रेडिओतली."

म्हातारीचं बोट ओठावर गेलं.

मग एल्मानं एक खुर्ची उचलून डब्यामागे, भिंतीला लागून ठेवली. डब्याचा खटका बंद केला. आणि तिथून वाचू लागली. हवामान. सूप. शेवटी दोन नावं, आधी न उघडलेल्या पानावरची. लेम्पीचे खांदे सैल झाले.

अकरा वाजले. लेम्पीचा हात फोनकडे गेला नाही. ती उठली, चाचपत शेगडीपाशी गेली, कॉफी ओतली आणि कप आणून डब्यासमोर ठेवला. कान डब्याकडेच.

एल्मानं मागून हात घालून कप उचलला. घोटाचाही आवाज होऊ न देता कॉफी प्यायली आणि रिकामा कप होता तिथे ठेवला.