चावी उतरताना येणारी आई

"बाई, चकती हळू फिरवली तर गाणं मावेल, पण घरी वाजवाल तेव्हा आवाज तुमचा राहणार नाही," गाणी मुद्रित करणाऱ्या हॉब्ससाहेबांनी बजावलं होतं.

"नसू दे हो साहेब! शब्द सगळे आले म्हणजे झालं," ओर्लीन खोकत खोकत हसली.

मित्रांनो, मी एक जुनी काळी तबकडी आहे आणि माझा जन्म त्या हसण्यानंतरचा. मिसिसिपीतल्या एका हॉटेलची बंद खोली. मेण मऊ राहावं म्हणून भर उन्हाळ्यात शेगडी पेटलेली. दोरीला टांगलेलं वजन खाली उतरे, त्याच्या ओढीने मेणाची जाड चकती फिरे आणि सुई तिच्यावर गाणं कोरत जाई. वजन खाली टेकलं की गाणं संपलंच पाहिजे. ओर्लीनच्या अंगाईचं शेवटचं कडवं काही त्यात मावेना, आणि लेकीचं नाव तर त्याच कडव्यात. क्षयाने छाती पोखरलेली. आपल्यामागे लुव्हीनियाला आपला आवाज तरी मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं. साहेबांनी स्क्रू पिळून वेग कमी केला. नाव मावलं. त्या मेणावरून धातूचा साचा निघाला आणि साच्यातून मी.

कापसाची बोंडं फुटली त्या सुमारास ओर्लीन गेली. पोर चार वर्षांची झाल्यावर टेम्पी मावशीने मला चावीच्या ग्रामोफोनवर चढवलं. तो आपल्या नेहमीच्या वेगाने फिरला आणि माझ्यातून बारीक, घाईघाईचा आवाज निघाला.

"ही कोण गं?" लुव्हीनिया मावशीच्या झग्यात शिरली.

"तुझी आई."

"नाही. कुणीतरी पोरगी आहे. मला बोलावतेय."

मी कपाटावर गेले. नऊ वर्षांची झाल्यावर तिनेच मला खाली काढलं. स्वयंपाकघरातून मावशी ओरडली, "लुव्हे, गाणं पुरे! मक्याची भाकरी करपतेय, बघ जरा!"

"मी कुठे गातेय, मावशी?"

मावशीच्या हातातला झारा पडला. आवाज हुबेहूब लुव्हीचाच होता. "बंद कर ते भूत!"

लुव्ही मोठी झाली, तिला मुलगा झाला, रूब. एके दिवशी ती पुरती चावी द्यायला विसरली. शेवटच्या कडव्यात माझ्या फेऱ्या मंदावल्या, आवाज उतरत गेला आणि पाच-सहा फेऱ्यांपुरती खरीखुरी ओर्लीन आली. भरदार, खोकल्याने किंचित चरचरलेली. "लुव्हीनिया," म्हणाली. मग तीही विहिरीत घुमावं तशी खोल खोल गेली आणि थांबली.

तेव्हापासून लुव्ही मोजून चावी देते.

"अगं, गेलेल्यांचं किती ऐकशील? जित्यांकडे बघ," मावशी दटावते.

"एकदाच, मावशी. शेवटचं."

मित्रांनो, एरवी मी म्हटलं असतं, जुन्या तबकड्यांवरची धूळ पुसा, त्यांना चरे पडू देऊ नका. आज ते राहू द्या. मावशी चर्चला गेली आहे. मागच्या खोलीत रूब सकाळपासून तापाने फणफणून रडत होता. लुव्ही मात्र माझ्याकडे कान लावून बसली आहे आणि तिला आईशिवाय काही ऐकू येत नाही. मी वाजत असते तेव्हा मलाही येत नाही. ती पुन्हा चावी देते, तेवढ्या मधल्या शांततेत येतं.

गेल्या तीन वेळा त्या शांततेत रडणं नव्हतं.

मला पाय नाहीत. कुणीतरी मागच्या खोलीत जा आणि रूबला बघा.